टेपचा वाळलेला गम लोखंडावरून, स्टीलवरून कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं नागपुरात नंदनवनला कूलर-आलमारी दुरुस्तीचं अन् रंगकामाचं छोटं दुकान आहे, बाबांनी सुरू केलं, आता मी आणि भाऊ पाहतो. होळीच्या आसपास कूलर उतरवून आणतात तेव्हा आणि दिवाळीच्या आधी आलमाऱ्या रंगवायला येतात तेव्हा, दोन्ही वेळेला हाच प्रश्न असतो की टेप तर निघाला पण त्याचा गम काही केल्या निघत नाही. अन् बहुतेक जण आमच्याकडे येईपर्यंत सुरीने खरवडून, तारेच्या घासणीने घासून, थिनर ओतून मोकळे झालेले असतात, गम अर्धा तसाच आणि रंग मात्र पत्र्यापर्यंत गेलेला. घरच्या घरी अर्ध्या तासात होणाऱ्या कामासाठी अख्खी आलमारी रंगवायला लागते तेव्हा मला खरंच वाईट वाटते, म्हणून जे जे विचारतात ते सगळं एकदा लिहूनच काढलं.

गम इतका दगडासारखा काऊन होते? टेप लावला तेव्हा तर नरम होता.

साध्या टेपच्या गममध्ये मुख्य दोन गोष्टी असतात, एक रबर (किंवा रबरासारखं प्लास्टिक) आणि दुसरी राळ. रबर ताणते, राळ चिकटते. मास्किंग टेप अमेरिकेत १९२५ मध्ये रिचर्ड ड्रू यांनी काढला, गाड्यांना दोन रंग देताना सरळ रेघ यावी म्हणून, आणि १९३० मध्ये त्यांनीच पारदर्शक सेलोटेप काढला. तेव्हापासून आजपर्यंत स्वस्तातल्या टेपचं सूत्र साधारण तेच आहे. आता हे रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि उन्हाने हळूहळू बदलत जाते, आधी लिबलिबीत होते, मग पिवळं पडते, मग त्याचे धागे एकमेकांत असे अडकतात की ते कडक होऊन बसते. उष्णता जितकी जास्त तितकं हे लवकर. आपल्या नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते, अन् ते सावलीतलं हवेचं तापमान, उन्हातला पत्रा तर हात लावू देत नाही. त्यामुळे थंड गावात चार-पाच वर्षं नरम राहणारा गम आपल्याकडे एका उन्हाळ्यात भाजून निघतो.

यातली कामाची गोष्ट एवढीच की असा म्हातारा गम साखरेसारखा विरघळत नाही, तो फुगतो. तेल किंवा सॉल्व्हंट (रॉकेल-थिनरसारखा द्रव) आत शिरले की तो जेलीसारखा होतो आणि पत्र्याला सोडतो. फुगायला वेळ लागतो. लोक तेल लावतात, दोन मिनिटांनी घासतात, निघत नाही म्हणतात अन् सुरी घेतात, सगळं नुकसान तिथेच होते.

माझ्याकडे कोणता गम आहे हे कसं ओळखू?

अंगठा दाबून पाहा. चिकटला आणि उचलताना तार निघाली तर गम अजून जिवंत आहे, हा सगळ्यात सोपा. कडक, तपकिरी, नखाने टुकडे उडतात असा असेल तर तो वाळलेला रबराचा गम, मास्किंग टेप आणि जुन्या सेलोटेपचा असाच होतो. पारदर्शक पातळ थर, पिवळा पडलेला नाही पण धूळ धरून काळा झालाय, तो बहुतेक ॲक्रिलिकचा (हे एक प्रकारचं प्लास्टिक), चांगल्या ब्राऊन टेपला आणि स्टिकरला असतो. काळा, हाताला डांबरासारखा लागणारा गम वायर टेपचा. आणि गादीसारखा स्पंज मागे राहिला असेल तर डबल टेप, म्हणजे दोन्हीकडून चिकटणारा.

अजून एक, कागदी लेबल असेल तर आधी पाण्याचा थेंब टाका. पाच मिनिटांत पांढरं होऊन सुटायला लागलं तर तो पाण्याने निघणारा गोंद आहे, साबणपाण्याची ओली चिंधी ठेवली की झालं, पुढचं काहीच वाचायची गरज नाही.

घरात जे आहे त्यातूनच सुरुवात करायची असेल तर?

खोबऱ्याचं तेल. मी स्वतः नव्वद टक्के वेळा इथूनच सुरू करते, रंग असो की स्टील, कशालाच धोका नाही.

पद्धत अशी की आधी वरची धूळ ओल्या कपड्याने पुसून कोरडं करा, नाहीतर तीच धूळ पुढे पॉलिश पेपरसारखी रंगावर ओरखडे पाडते. टेपचा प्लास्टिकचा पापुद्रा अजून असेल तर तो आधी जितका निघेल तितका काढा, कारण तेल प्लास्टिकमधून आत जात नाही अन् लोक नेमकं त्याच्यावरच तेल चोळत बसतात. मग सुती चिंधी तेलात भिजवून गमवर ठेवा आणि वरून दुधाच्या पिशवीचा टुकडा लावा म्हणजे तेल ओघळत नाही. उभ्या पत्र्यावर चिंधी थांबत नसेल तर तेल आणि खायचा सोडा कालवून घट्ट लेप करा, तो थांबतो. आता अर्धा तास तिकडे पाहायचंही नाही. फार जुना असेल तर एक तास. मग जुनं एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी आडवी धरून एका बाजूने सरकवत जा, गम गुंडाळी होऊन येतो. निघणार नाही तिथे जोर लावायचा नाही, पुन्हा तेल, पुन्हा पंधरा मिनिटं. शेवटी भांड्याच्या साबणाने धुवायचं किंवा साबणाच्या ओल्या कपड्याने पुसायचं.

दोन वेळा भिजवून निघाला नाही तरच पुढचं औषध.

घरी जवसाचं तेल आहे, सोयाबीनचं आहे, ते चालते का?

सोयाबीन, सूर्यफूल चालून जाते पण लगेच साबणाने धुवा, कारण पत्र्यावर पातळ थर राहिला तर काही दिवसांत तोच चिकट होतो, गॅसच्या मागच्या टाईल्सवर बसतो ना तसा. जवसाचं मात्र नको. जवसाचं तेल हवेत वाळून कडक होते, ऑइल पेंटमध्ये ते त्यासाठीच टाकतात, म्हणजे तुम्ही एक गम काढून दुसरा लावाल. शिवाय त्यात भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात फेकला तर तो आतून आपोआप तापून पेटू शकतो, ही खरी गोष्ट आहे, रंगाऱ्यांना हे माहीत असते. खोबरेल तसं वाळत नाही म्हणून तेच बरं. डिसेंबर-जानेवारीत ते डब्यात गोठलेलं असते, थोडं कोमट करून घ्या, पत्राही गार असतो तेव्हा वेळ जरा जास्त द्या.

संत्र्याच्या सालीने गम निघतो म्हणतात, खरं का?

हो, खरं आहे, आणि हा प्रश्न नागपुरात कुणी विचारला की मला बरं वाटते. संत्र्याची साल चिमटली की जो फवारा उडतो ते तेल आहे आणि त्यात नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनीन नावाचा पदार्थ असतो, रबर आणि राळ दोघांनाही तो फुगवतो. लहानपणी आपण फुग्यावर साल पिळून फुगा फोडायचो ना, तेच कारण. बाजारात जे महागडे स्टिकर रिमूव्हर मिळतात, संत्र्याच्या वासाचे, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत हेच असते.

पण साल घासून आलमारीवरचा चार फूट ब्राऊन टेप निघेल अशी आशा ठेवू नका, एका सालीत तेल थेंबभरच असते. मी छोट्या जागेसाठी वापरते, डब्यावरचं स्टिकर, सायकलच्या नळीवरचा टेप. ताजी साल घ्यायची, बाहेरची केशरी बाजू गमवर दाबून पिळायची, पाच-सहा साली लागतात, वर एक थेंब खोबरेल म्हणजे ते उडून जात नाही, अन् पंधरा मिनिटं थांबायचं. वाळलेली साल निरुपयोगी, तेल उडालेलं असते. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येतात, सफाईचेही तेच दिवस, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे कूलर काढायच्या वेळी, दोन्ही हंगाम बरोबर कामाच्या वेळेला येतात.

दोन काळज्या घ्या. हे तेल पेट घेते, दिव्याच्या ज्योतीवर साल पिळली तर भडका उडतो, त्यामुळे गॅसजवळ नाही. आणि थर्माकोल, काही प्लास्टिक यांना ते खाऊन टाकते, म्हणून फक्त धातूवर. कुणाकुणाच्या हाताला याने खाजही सुटते.

रॉकेल, तारपीन, पेट्रोल यातलं काय वापरू?

रॉकेल आणि रंगाच्या दुकानातलं तारपीन (मिनरल टर्पेंटाईन) दोन्ही वाळलेल्या रबराच्या गमवर फार छान चालतात, भट्टीच्या रंगाला म्हणजे आलमारीच्या जुन्या पक्क्या रंगालाही सहसा काही होत नाही. घरी हाताने ऑइल पेंट मारला असेल, त्यातही सहा महिन्यांच्या आतला, तर तारपिनाने तो नरम पडू शकतो, आधी मागच्या बाजूला एक ठिपका लावून पाहा.

पेट्रोल नाही. कुणी कितीही सांगो, गॅरेजमधले करतात म्हणून सांगो, नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपासही पेट घेण्याजोगी असते, ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीवरून पसरत जाते आणि दुसऱ्या खोलीतल्या गीझरपर्यंत, देवघरातल्या दिव्यापर्यंत पोहोचते. घरात बसून पेट्रोलने पुसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

रॉकेलबद्दलही उन्हाळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. रॉकेलची वाफ ठिणगीने पेटायला लागते ते तापमान आपल्याकडच्या मानकात किमान ३५ अंश धरलंय. पुण्यात हिवाळ्यात बसून काम करणाऱ्याला ते सुरक्षितच वाटते, पण आपल्याकडे मे महिन्यात दुपारी खोलीतच ४० असतात, म्हणजे तेव्हा रॉकेलही जवळजवळ पेट्रोलसारखंच सांभाळायचं. सकाळी सातच्या आत, गच्चीवर किंवा अंगणात, वाटीभर नाही तर चिंधी ओली होईल एवढंच, कूलर-पंख्याचं बटण बंद. आम्ही दुकानात हे काम उन्हाळ्यात सकाळीच उरकतो. त्याचा अजून एक फायदा, थंड पत्र्यावर औषध टिकते, तापलेल्या पत्र्यावर ते गममध्ये शिरायच्या आधीच उडून जाते.

थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पटकन निघतो, मग ते का नको?

पटकन निघतो हे खरं, रंगही पटकन निघतो. मी नववीत असताना आईच्या लग्नातल्या आलमारीवरचा सेलोटेपचा डाग नेलपॉलिश रिमूव्हरने पुसला होता. हिरवा रंग बोळ्यावर आला आणि तिथे तळहाताएवढा मळकट चट्टा पडला, बाबांनी तोच रंग जुळवायचा खूप प्रयत्न केला पण लग्नापासून मुरलेला हिरवा काही जुळला नाही. आई काही बोलली नाही पण त्या जागेवर तिने कॅलेंडर लावलं, ते आजही तिथेच आहे.

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा ॲसिटोन असते, थिनरमध्ये टोल्यूईन आणि तसलेच इतर. हे दोन्ही फक्त बिनरंगाच्या धातूवर चालतात, म्हणजे कोरं स्टील, कोरं लोखंड, हत्यारं, लेथवरचे पार्ट. पावडर कोटिंग (पावडर भट्टीत भाजून बसवलेला रंग), ऑइल पेंट, गाडीचा रंग, यावर नाही. आणि बाजूला प्लास्टिक असेल, मूठ, बटण, फ्रिजचं रबर, तर तिथेही नाही, ॲसिटोनने बरीच प्लास्टिकं वितळतात. ॲसिटोनची वाफ उणे २० अंशालाही पेटते, त्यामुळे पेट्रोलचेच नियम. घरात लहान मूल असेल, कुणी गरोदर असेल, कुणाला दमा असेल तर थिनरचं काम घरात करूच नका, तेलाला दोन तास जास्त लागले तरी चालते.

कोरोनातलं सॅनिटायझर पडून आहे, त्याने होते का?

स्टिकरचा, ब्राऊन टेपचा ॲक्रिलिक गम असेल तर बऱ्यापैकी होते. वाळलेल्या रबराच्या गमवर जवळपास काहीच होत नाही. त्यात अल्कोहोलसोबत थोडं ग्लिसरीनही असते म्हणून नंतर ओल्या कपड्याने पुसा. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल जास्त चांगलं, लवकर उडते, डाग ठेवत नाही. पण हेही पेटते बरं का, १२ अंशाच्या वर केव्हाही.

एक अगदी महत्त्वाचं, सॅनिटायझर, अल्कोहोल, ॲसिटोन यातलं काहीच ब्लीचमध्ये मिसळायचं नाही, विषारी वाफा तयार होतात.

गरम करून काढला तर?

जिवंत गम, स्टिकर, डबल टेप, यांच्यासाठी उष्णता फार कामाची. हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून एक-दीड मिनिट फिरवत ठेवा, हाताला सोसेल एवढंच गरम, मग कोपऱ्यातून हळू ओढा, वर नाही, मागच्या बाजूला दुमडून ओढायचं. ड्रायर नसेल तर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवा. आपल्याकडे एप्रिलमध्ये सकाळी दहाचं ऊनही पुरते.

कडक झालेल्या तपकिरी गमला मात्र गरम करून काही फायदा नाही, तो उन्हानेच तसा झालाय. आणि तेल, रॉकेल, अल्कोहोल लावल्यावर ड्रायर चालवायचा नाही, कधीच नाही. सिलिंडरवरच्या टेपला तर ना ड्रायर ना रॉकेल, तिथे नुसतं साबणपाणी, नाही निघाला तर राहू द्या.

इतवारी बाजारातून नवीन स्टीलचे डबे आणले, स्टिकर काढलं की अर्धा कागद तिथेच. यावर काय?

डबा रिकामा आणि कोरडा असताना स्टिकरच्या आतल्या बाजूने गॅसच्या बारीक आचेवर पाच-सात सेकंद फिरवा आणि लगेच सोला, एका तुकड्यात येते. जास्त तापवलं तर स्टीलवर निळसर डाग पडतो. आधीच फाटलं असेल तर खोबरेल तेल आणि नंतर साबण. खायच्या भांड्यावर रॉकेल-थिनर आणायचंच नाही, झाकणाच्या दुमडीत ते शिरून बसते अन् वास महिनाभर जात नाही.

फ्रिजवर मुलांनी चिकटवलेलं?

तेल आणि मऊ कपडा, बस. फ्रिजच्या दारावर रंगावरून चमकदार पातळ थर असतो, एकदा ओरखडा पडला की गेला. दाराच्या रबराला तेल लागलं तर लगेच साबणाने पुसा.

स्टीलवर तारेची घासणी मारली तर काय बिघडते? ब्लेड चालते का?

तारेच्या घासणीने दोन नुकसान होतात. एक तर ओरखडे दिसतात. दुसरं कुणाच्या लक्षात येत नाही, ती घासणी साध्या लोखंडी तारेची असेल तर तिचे बारीक कण स्टीलमध्ये अडकून राहतात आणि काही दिवसांनी तिथे जंगाचे ठिपके येतात, मग लोक म्हणतात स्टीलच खराब निघालं. घासायचंच असेल तर स्टीलच्या रेषांच्या दिशेने, हिरवी स्क्रबर नाही, जुना टूथब्रश.

ब्लेड फक्त जाड, कोऱ्या लोखंडावर. जवळजवळ आडवं धरून, तेल लावलेल्या जागेवर. रंगावर, ॲल्युमिनियमवर, पितळेवर ब्लेड नको. स्वयंपाकघरातला लाकडी सराटा मात्र मला फार आवडतो, कडा पातळ असते आणि लाकूड रंगाला दुखवत नाही, फक्त तो मग परत भाजीत घालू नका.

ॲल्युमिनियमच्या खिडकीला कूलरसाठी ब्राऊन टेप लावला होता, आता सगळ्या चौकटीवर गम आहे.

नागपुरात हा नंबर एकचा प्रश्न आहे. खिडकीत कूलर ठेवला की फटीतून गरम हवा येऊ नये म्हणून सगळेच टेप मारतात, मार्चमध्ये लावलेला टेप जुलैमध्ये काढायला गेलं की वरचं प्लास्टिक चुऱ्यासारखं हातात येते अन् गम चौकटीवरच.

तेल किंवा तारपीन दोन्ही चालते. पण कपड्याचा सोडा, कॉस्टिक, टाईल्सचं ॲसिड यातलं काही ॲल्युमिनियमला लावू नका, कपड्याच्या सोड्याने ते काळं पडते, कॉस्टिकने तर अक्षरशः बुडबुडे येऊन खाल्लं जाते. चौकट लांब असते म्हणून सगळीकडे एकदम तेल लावून बसू नका, हातभर पट्टा घ्या, तेलाची चिंधी लावा, पुढचे पट्टे लावेपर्यंत पहिला फुगलेला असतो. दोन खिडक्यांना एक सकाळ लागते. हेच आम्हाला सांगितलं तर आम्हालाही तेवढाच वेळ लागतो, जादू आमच्याकडेही नाही.

कूलरच्या पत्र्यावरचा टेप काढला तर खाली पांढरी भुकटी आणि जंग निघाला.

कूलरची टाकी आणि बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची असते. टेपच्या खाली पाणी अडकून राहते, वाळत नाही, आणि जस्त पांढरं होऊन सुटायला लागते, ते गेलं की मागोमाग लोखंड. गळती थांबवायला टेप लावणं म्हणजे तिथेच भोक पाडून ठेवणं आहे. गम काढायला रॉकेल किंवा तेल घ्या, लिंबू-व्हिनेगर-ॲसिड नको, आंबट पदार्थ जस्ताला खातात. पांढरी भुकटी नायलॉनच्या ब्रशने झाडा, धुवा, पूर्ण वाळवा. लाल जंग असेल तर पॉलिश पेपर मारून मग प्रायमर.

पितळेच्या समईवर आणि तांब्याच्या गडव्यावर किमतीचं स्टिकर राहिलंय. चिंच लावू का?

चिंच, लिंबू, पितांबरी यांनी काळेपणा जातो, गम जात नाही. आधी तेलाने गम काढा, साबणाने धुवा, मग चिंच. नाहीतर गमच्या भोवतीचं पितळ लखलखीत होते आणि मधला चौकोन काळा राहतो. शोभेच्या पितळी वस्तूंवर कधीकधी पारदर्शक वार्निश असते, तिथे अल्कोहोल-ॲसिटोन लावलं की वार्निश ठिपक्याठिपक्याने जाते, त्यामुळे तेलच.

डबल टेप, स्पंजवाला, हा तर हलतच नाही.

हा सगळ्यात चिवट, कारण गम दोन्हीकडून आणि मध्ये स्पंज. आधी ड्रायरने गरम करा, मग दात साफ करायचा दोरा किंवा मासे पकडायची तंगूस वस्तूच्या मागे घालून करवतीसारखा इकडून तिकडे ओढा, स्पंज मधोमध कापला जातो. यासाठी नायलॉन मांजा वापरू का असं दोन पोरांनी विचारलं म्हणून मुद्दाम लिहिते, तो घरात ठेवूच नका, २०१७ पासून देशभर बंदी आहे आणि संक्रांतीत आपल्या शहरात त्याने गळे कापलेत.

स्पंज गेला की उरलेला थर अंगठ्याने चोळून गोळ्या करून काढा, कंटाळवाणं आहे पण रंगाला सगळ्यात सुरक्षित. शेवटचा पातळ थर अल्कोहोलने.

वायर टेपचा काळा गम?

आधी मेन स्विच बंद, मगच हात लावा. वायर टेपच्या प्लास्टिकला लवचिक ठेवणारं तेल उन्हाळ्यात झिरपून गममध्ये उतरते, म्हणून तो लोण्यासारखा होतो. धातूच्या पाईपवर रॉकेलच्या चिंधीने दोन मिनिटांत निघतो. वायरवर मात्र रॉकेल-थिनर नको, वायरचं कव्हर कमजोर होते, तिथे अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग वीज.

लग्नाची गाडी सजवली होती, बोनेटवर टेपचे पट्टे राहिले.

गाडी सावलीत उभी करा, पत्रा गार होऊ द्या, आधी पाण्याने धुवा. मग तेल किंवा डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा तेलकट स्प्रे), दहा मिनिटं, मायक्रोफायबर कपडा. एटीएम कार्डही नको, बोट वापरा. नंतर शाम्पू आणि त्या जागेला वॅक्स, कारण गमसोबत आधीचं वॅक्सही गेलेलं असते. पुढच्या लग्नाला फुलवाल्याला रिबीन आणि सक्शन कप वापरायला सांगा, त्यांच्याकडे असतात.

टूथपेस्ट, बर्फ, खोडरबर?

टूथपेस्टने फक्त घासलं जाते, गमला काही होत नाही. बर्फाने ताजा लिबलिबीत गम कडक होऊन निघतो कधीकधी. खोडरबर खरंच चालते, पातळ थर असेल तर. आणि ताज्या गमवर नवीन टेप दाबून झटक्यात ओढला तर तो जुन्याला घेऊन येतो, हेही करून पाहा.

गम पूर्ण गेला, हाताला गुळगुळीत लागते, तरी टेपचा चौकोन दिसतोच.

तो गम नाही, तो तुमच्या आलमारीचा मूळ रंग आहे. टेपखालच्या भागाला ऊन-धूळ लागली नाही, बाकीचा उतरला. घासत बसलात तर चांगला रंग जाईल. आजूबाजूच्या रंगाला रबिंग कंपाउंड (बारीक घासणारी पॉलिशची पेस्ट) हलक्या हाताने लावलं तर वरचा मेलेला थर निघून फरक कमी होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही.

काढल्यावर लगेच रंग मारला तर चालते?

तेल राहिलं असेल तर रंग तिथे फाटतो, माशाच्या डोळ्यासारखे गोल पडतात आणि चार महिन्यांत पापुद्रा सुटतो. आधी साबण, मग कोरडं, मग तारपिनाची स्वच्छ चिंधी दोनदा, दुसऱ्या वेळी चिंधी कोरीच राहिली पाहिजे. पाण्याचा हात फिरवा, पाणी एकसारखं पसरलं तर तेल गेलं, थेंब थेंब झाले तर अजून आहे. मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, कोऱ्या लोखंडावर रेड ऑक्साईड प्रायमर, तो पूर्ण वाळला की रंग.

पुढच्या उन्हाळ्यात कूलरच्या फटीला काय लावू म्हणजे हे परत होणार नाही?

थर्माकोलच्या किंवा फोमच्या पट्ट्या मापात कापून फटीत दाबून बसवा, गमची गरजच नाही. जुनी चादर गुंडाळून खोचली तरी चालते. टेप लावायचाच असेल तर घराच्या आतल्या बाजूने, सावलीत लावा आणि महिन्याभरात काढून नवीन लावा, ताजा टेप गम मागे ठेवत नाही.

वापरलेल्या चिंध्या आणि उरलेलं रॉकेल कुठे टाकू?

चिंध्या गोळा करून डब्यात कोंबू नका, गच्चीवर किंवा तारेवर एक-एक पसरून सावलीत वाळू द्या, वास गेला की सुक्या कचऱ्यात. उरलेलं रॉकेल-तारपीन नालीत ओतू नका, शेवटी ते नाग नदीतच जाते. झाकणाच्या बरणीत ठेवून द्या, दोन दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पुढच्या वेळी वापरता येते, फक्त बरणीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका, मुलं उचलून पितात.